बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत

मी एकदा कुत्र्याच्या पिल्लाला डिंकाचे लाडू खाऊ घातले. एकदा म्हणजे एखाद दिवशी नव्हे. सलग सहा आठवडे, रोज सकाळी एक, आणि रविवारी दोन, कारण रविवारी जरा बरं खावं. डिंक, खारकेची पूड, नाचणीचं पीठ, गूळ आणि सढळ हातानं साजूक तूप. बाळंतिणीला देतात तसे. पिल्लू बाळंत झालेलं नाही, मुळात ते नर आहे, आणि त्याला लागेल तेवढं सगळं खाणं एका मोठ्या पोत्यात माझ्या मुलीनं आधीच आणून ठेवलंय, हे सगळं मला माहीत होतं. तरी मी लाडू वळले. तेव्हा मी एकोणसत्तर वर्षांची होते, म्हणजे शहाणपण यायला अजून अवकाश होता.

आज मी चौऱ्याहत्तरची आहे. त्या एकोणसत्तरच्या बाईचा कान पिळावासा वाटतो. पण लाडू वळताना ती इतकी खुशीत होती, की तिला हाक मारून थांबवणंही जिवावर यावं.

त्याचं असं झालं. आमचे हे गेल्यानंतर मी लंडनला, वेम्बलीच्या घरात एकटी राहू लागले. दुसऱ्या वर्षी कुणीतरी मागच्या गल्लीतून कुंपणाची फळी उचकटून शेडमधली ह्यांची सायकल नेली. मला सायकलीचं वाईट वाटलं, मुलीला माझं. मुलगी एडिनबराला हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं फोनवर सांगितलं की एक तर घराला कॅमेरे लाव, नाहीतर माझ्याकडे राहायला ये. कॅमेऱ्यात दिवसभर मीच दिसले असते. आणि तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खाली उतरावं तर वारा माणसाला धरून हलवतो. मी दोन्हीला नाही म्हटलं.

"मग कुत्रा," ती म्हणाली. "आणि बिग डॉग, आई. छोटा घेतला तर तू त्याच्यावरून अडखळून पडशील."

मला कुत्र्यांची भीती वाटते, असं मी म्हणेपर्यंत ती आणि माझी दहा वर्षांची नात एका रेस्क्यू सेंटरमधून त्याला घेऊन माझ्या दारात उभ्या होत्या. अकरा आठवड्यांचं पिल्लू. काळं कुळकुळीत, डोळ्यांवर दोन तपकिरी ठिपके, भुवया उंचावल्यासारखे. फॉर्मवर लिहिलं होतं: आई जर्मन शेफर्ड, वडील बहुधा मास्टिफ, आणि आणखी काहीतरी. पंजे तर असे, की थोरल्या भावाचे बूट घालून आलाय.

त्याचं नाव नातीनं ठेवलं. ते मी इथं लिहीत नाही. आमच्या पार्कातल्या सगळ्यांना ते पाठ आहे, कारण मी ते रोज ओरडते. घरात मी त्याला बाळ म्हणायला लागले, आणि तिथूनच घसरगुंडी सुरू झाली.

जाताना मुलीनं फ्रिजवर एक कागद लावला. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खास खाणं, दिवसातून तीन वेळा, ह्या मापानं, एवढंच. जिना चढू द्यायचा नाही. टेबलावरचं काही द्यायचं नाही. शेवटची ओळ मोठ्या अक्षरात होती: नो एक्स्ट्राज, आई, प्लीज. ती गाडीत बसली आणि मी त्या कागदावर विहाराचं कॅलेंडर टांगलं. छान बसलं बरोबर.

मला एक सांगू द्या. मी ह्या देशात बावीस वर्षं शाळेच्या किचनमध्ये डिनर लेडी होते, म्हणजे पोरांना दुपारचं जेवण वाढायचे. माझा डाव दोनशे पोरांना ठाऊक होता. हेडबाईंनी मापं ठरवून दिलेली असायची, आणि मी रोज त्या मापांच्या वर एक थेंब सांडेल इतकं भरायचे. माझं लहानपण नागपूरच्या वस्तीत गेलं. आम्ही पाच भावंडं. आई शेवटचा भात वाढताना पातेलं तिरकं करून उलथन्यानं खरवडायची. तो खर्रर्र आवाज आला की आम्ही पाचही जण एकमेकांच्या ताटाकडे बघायचो. आपल्या घरात तो आवाज कधी येऊ द्यायचा नाही, हे मी फ्रॉकात असताना ठरवलं होतं. आणि आता माझ्यापुढे एक पोरकं पिल्लू बसलं होतं, वाटी चाटून चाटून ती फरशीवरून सरकवत. स्टीलची वाटी. खर्रर्र.

दुसऱ्या दिवशी मी ईलिंग रोडवरच्या आपल्या वाण्याकडे जाऊन डिंक आणला.

लाडवांवर भागलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी त्याला मालिश करायला लागले. बाळाला करतात तशी. जमिनीवर बसायचं, पाय लांब करायचे, नडग्यांवर त्याला उताणं घ्यायचं आणि कोमट तिळाचं तेल चोळायचं. उजवा हात डावा पाय, डावा हात उजवा पाय, असे व्यायामही झाले. तो डोळे मिटून, जीभ बाहेर काढून पडून राहायचा. आमचा बेज सोफा त्या दिवसांत गेला तो गेलाच.

आणि आता सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. आम्ही बौद्ध माणसं. दृष्ट, तीट, मीठ-मोहऱ्या आमच्याकडे माझ्या आईच्या काळापासून बंद. विहारात महिला मंडळासमोर मी अंधश्रद्धेवर वीस मिनिटं बोललेय आणि टाळ्या घेतल्यात. तीच मी, रोज मालिश झाली की त्याच्या कानामागे काजळाचा ठिपका लावत होते. काळ्या कुत्र्याला काळी तीट. कुणाला दिसणार नव्हती, म्हणून तर लावत होते.

पिल्लू गोल होत गेलं. चालताना त्याचं पोट मागून हलायचं. मी मुलीला फोटो पाठवले.

"आई, ही इज व्हेरी राउंड," ती फोनवर म्हणाली.

"बाळसं आहे ते."

"कागदावर लिहिलंय तेवढंच देतेस ना?"

"कागद समोरच आहे," मी म्हटलं. खोटं नव्हतं. कॅलेंडरच्या मागे होता.

मग एका सकाळी मी किचनमध्ये लाडवाचा डबा उघडला आणि तो आला नाही. एरवी झाकणाच्या आवाजाला पूर्ण घर हादरवत यायचा. मी पुढच्या खोलीत जाऊन बघितलं, तर तो उभा होता, पुढचा डावा पाय जमिनीपासून जरासा उचलून. मी हाक मारली तशी शेपटी हलवली, एक पाऊल टाकलं, कळवळला आणि पुन्हा पाय वर घेतला. आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू त्याचंच काही चुकलं.

व्हेटकडे, प्राण्यांच्या दवाखान्यात, आधी एका नर्सबाईंनी त्याला तपासलं. आयर्लंडच्या खेड्यातल्या, पन्नाशीच्या, मनगटं सुतारासारखी. त्याला वजनकाट्यावर उभं केलं, आकडा बघितला, मग माझ्याकडे.

"काय खातो?"

"पाकिटातलं."

"तेवढंच?"

"तेवढंच."

बरगड्या चाचपायला त्यांनी त्याच्या कुशीवर हात ठेवला आणि हात सर्रकन घसरला. त्यांनी तळवा नाकाशी नेला.

"हे काय आहे?"

"तिळाचं तेल."

"ह्याच्या अंगावर कसं आलं?"

"मी लावते."

"कधी लावलंत?"

"रोज."

त्यांनी टॉवेलला हात पुसले, स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसल्या आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "आणखी काय काय करता रोज?"

मग मी सगळं सांगितलं. तीट सोडून. डिंक म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झाडाचा चीक.

"तुम्ही ह्याला झाडाचा चीक दिलात?"

"तुपात तळून," मी म्हटलं, जरा बरं वाटावं म्हणून.

त्या हसल्या नाहीत, पण त्यांना ते फार जड गेलं असणार. लाडवात मनुका होत्या का, एवढं त्यांनी दोनदा विचारलं. नव्हत्या. मनुका कुत्र्याला विषासारख्या, हे मला तेव्हा कळलं. माझ्या पुण्याईनं नव्हे, दुकानात त्या दिवशी संपल्या होत्या म्हणून माझं बाळ वाचलं होतं.

एक्स-रे झाला. डॉक्टरांनी समजावलं ते असं. एवढ्या मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं सावकाश वाढावी लागतात. त्यात वरून कॅल्शियम ओतलं आणि वजन वाढवलं, की कोवळ्या सांध्यांवर नको तेवढा भार पडतो. पुढच्या कोपराचा सांधा त्यांना बरा दिसत नव्हता. वजन उतरवा, फक्त पाकिटातलं खाणं मापून द्या, उड्या नाहीत, जिना नाही, आठ आठवड्यांनी पुन्हा बघू. तोवर सुधारलं नाही तर ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतरही तो जन्मभर लंगडत राहू शकतो.

मी घरी येऊन मुलीला फोन केला. तिनं ओरडायला हवं होतं. तिनं फक्त विचारलं, "कुठला पाय?" आणि शनिवारच्या गाडीनं आली.

आली ती थेट किचनमध्ये. शॉर्टब्रेडचा जुना डबा तिनं बरोबर ओळखला. उघडला. आत अकरा लाडू होते. डबा टेबलावर ठेवून ती खुर्चीवर बसली.

"हे तू मला पण द्यायची," ती म्हणाली. "शाळेत जाताना, कोटच्या पॉकेटमध्ये. मी ते बस स्टॉपमागच्या हेजमध्ये टाकायचे. एव्हरी डे. तिथले कबुतर बघितले होते का तू? उडता यायचं नाही त्यांना."

मी हसले. ती हसली नाही.

"आई, आपल्या घरात 'नको' चालायचंच नाही. मी नको म्हटलं की तू अर्धी पोळी ठेवायची. अर्धीला काय होतं, म्हणायची. मी रडत खायचे ते अर्धी. मग तू म्हणायची, बघ, भूक होतीच."

ह्यावर मला एक कार्ड आठवलं. मुलगी सात महिन्यांची असताना घरी हेल्थ व्हिजिटर, बाळं तपासणारी सरकारी नर्स, यायची आणि वजनाच्या कार्डावर ठिपका काढायची. कार्डावर वर-खाली रेषा होत्या आणि आमचा ठिपका खालच्या रेषेवर. ती बाई सांगत होती, मूल छान आहे, हसतंय, बसतंय, बारीक चणीचं आहे एवढंच. मी ऐकलंच नाही. मी फक्त रेषा बघितली. ह्या परक्या देशात एक गोरी बाई माझ्या ओट्यापाशी उभी राहून मला सांगत होती की तुझ्या घरात पातेलं खरवडतात, असं मला वाटलं. ती बिचारी तसं काही म्हणत नव्हती. पण त्या दिवसापासून मी माझ्या लेकीला वरच्या रेषेवर न्यायचं मनावर घेतलं आणि पुढची सोळा वर्षं तिला चिऊचा घास, काऊचा घास आणि माझ्या हट्टाचा घास भरवला. पंचविशीतली ती मी कशी होते? घास हातात घेऊन घरभर पोरीच्या मागे धावणारी, आणि वर शेजारणीला सांगणारी की हिला खायची हौसच फार.

"माझ्या कामावरच्या एक बाईची फाइफमध्ये, एडिनबराच्या जवळच, मोठी जागा आहे," मुलगी म्हणाली. "शेतं, सगळं एका मजल्यावर. ती ह्याला घ्यायला तयार आहे. एट वीक्स, आई. वजन खाली आला नाही तर मी ह्याला घेऊन जाणार. ही पनिशमेंट नाही. त्याचे पाय आहेत."

"मग आत्ताच ने," मी म्हटलं. एकोणसत्तर वर्षांच्या बाईनं असं बोलावं! "मला काय, मी मागितलाच नव्हता." आणि ताडकन उठून बागेत निघून गेले.

तिथं उभी राहून मी गुलाबाच्या कुंडीकडे रागानं बघत होते, तेवढ्यात मागे फरशीवर आवाज आला. टक, टक, टक, आणि मध्ये एक रिकामी जागा. तो तीन पायांवर माझ्यामागे बाहेर आला होता. डब्यासाठी नव्हे, डबा तर आत टेबलावर उघडा पडला होता. माझ्या पायाशी येऊन तो धपकन बसला आणि आपलं ते मोठं डोकं माझ्या चपलेवर टाकलं.

मी आत गेले. डबा उचलून मुलीच्या हातात दिला. कॅलेंडर काढून बाजूला ठेवलं.

"वाचून दाखव," मी म्हटलं. "चष्मा सापडत नाही." चष्मा डोक्यावर होता. तिनं तो बघितला आणि कागद वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून.

ते आठ आठवडे मी विसरणार नाही. डाव मी खिळ्यावर टांगला आणि वजनकाटा ओट्यावर मांडला. एकेक मूठ मोजून. पिल्लू वाटी संपवून माझ्याकडे बघायचं, मग वाटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे, त्या उंचावलेल्या भुवयांनी. मी पाठ करून भांडी घासत बसायचे. एवढी चकाचक भांडी ह्या घरात आधी कधी नव्हती. जिन्याला लहान मुलांचं गेट लावलं. तो गेटखाली बसून वर बघत केकाटायला लागला, तेव्हा मीच माझी गादी पुढच्या खोलीत आणली. मालिश बंद झाली. तीट चार दिवस चालू राहिली, मग माझी मलाच लाज वाटून तीही गेली.

दर मंगळवारी नर्सबाईंकडे वजन. त्यांनी मला एक युक्ती शिकवली, ती मी मेले तरी विसरणार नाही. त्यांनी माझ्या हाताची मूठ वळवली आणि माझीच बोटं त्या मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवली. "बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा उपाशी." मग मूठ उघडून तळवा वर केला आणि अंगठ्याखालचा मांसल भाग दाबला. "अशा लागल्या तर तुमचा लाडू." मग हात पालथा केला. पालथ्या हातावरून बोटं फिरवली, तर आतली हाडं हलकेच हाताला लागतात, दिसत मात्र नाहीत. "असा हवा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत."

मला हे पचेना. जन्मभर ज्या गोष्टीला आम्ही हाल म्हणत आलो, तिला ही बाई तब्येत म्हणत होती. मी दिवसातून दहा वेळा आधी माझा पालथा हात चाचपायचे आणि मग त्याची कूस.

सकाळी साडेसातला मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याच्या पायांत बळ यावं म्हणून तिनं सावकाश उभं राहायचे, सावकाश बसायचे व्यायाम शोधून काढले होते. ती तिकडे ड्युटीवर जायच्या घाईत, केस बांधता बांधता मोजायची, "वन, टू, आई त्याला ढकलू नकोस, थ्री." व्यायाम दहा मिनिटांत संपायचे. पण फोन लगेच ठेवला जायचा नाही. त्याआधी आम्ही फक्त रविवारी बोलायचो, तब्येत कशी आणि हवा कशी. आता ती मला तिच्या पेशंटबद्दल सांगायला लागली. एका म्हाताऱ्यानं नव्या गुडघ्यानं कसं नाचून दाखवलं, ते तिनं मला फोन टेबलावर ठेवून करून दाखवलं. चाळीस वर्षांत ही पोर एवढी विनोदी आहे, हे मला ठाऊक नव्हतं. कसं असणार? तिचं तोंड सदा मी भरलेलं.

मधेच बुद्धपौर्णिमा आली. विहाराच्या हॉलवर खिरीची जबाबदारी दरवर्षी माझी. त्याला एकटं ठेवायचं नव्हतं म्हणून बरोबर नेलं आणि मागच्या आवारात सावलीत बांधलं. वंदना झाली, खीर वाटली, आणि आमच्या बायकांचा घोळका त्याच्याभोवती जमला. तोवर तो चांगला उतरला होता, मागे कंबर दिसायला लागली होती.

"अवो बाप्पा!" माझी नागपूरची मैत्रीण ओरडली. "काय हाल केले वो लेकराचे! घरी अन्न नाही का?"

"दोनशे पोरं जेवू घातली म्हणे हिनं," दुसरी म्हणाली, "आणि घरचं हे असं वाळवलंय."

"डॉक्टरनं सांगितलंय," मी म्हटलं.

"डॉक्टर काय, माणसालाही भात सोडा म्हणतात. सोडला का तू?"

सगळ्या हसल्या. खरं सांगते, मला ते लागलं. खायला घालण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हीच माझी तिथली ओळख होती. तेवढ्यात मैत्रिणीनं खिरीची वाटी त्याच्यापुढे ठेवलीसुद्धा. केशर घातलेली, माझ्याच हातची, वर मनुका. आठ दिवसांचा उपाशी असल्यासारखा तो पुढे झेपावला. मी वाकून वाटीवर हात झाकला. बोटं खिरीत बुडाली.

"नको," मी म्हटलं.

"अगं, अर्धीच वाटी आहे. अर्धीला काय होतं?"

आवाज मैत्रिणीचा होता, पण वाक्य माझं होतं. मी ते किती हजार वेळा बोलले असेन. आणि आपण नको म्हटलेलं समोरच्याला ऐकूच न येणं काय असतं, ते मला तिथं, खिरीत हात घालून उभी असताना कळलं.

"मनुका त्याला विष आहेत," मी म्हटलं, "आणि उरलेली खीर मला आहे." आणि तिथंच बाकावर बसून, बोटं चाटत, सगळी वाटी संपवली. मैत्रीण शेजारी येऊन बसली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "लंगडणं कमी झालं पण वो त्याचं." तिनंच आधी बघितलं ते. मी रोज बघत असल्यामुळे मला दिसलंच नव्हतं.

आठवा आठवडा संपला. डॉक्टरांनी सांधा वाकवून, ताणून बघितला, पुन्हा एक्स-रे काढला आणि नर्सबाईंना म्हणाले, बाहेर पळवून बघा. कार पार्कात नर्सबाईंनी पट्टा माझ्याच हातात दिला. "तुमच्याबरोबर सरळ पळेल. चला, भिंतीपर्यंत आणि परत."

मी पळाले. एकोणसत्तराव्या वर्षी, कुर्त्यावर कार्डिगन, पायांत ट्रेनर्स. तो माझ्या बाजूनं, कान मागे टाकून, चारही पायांवर. परत आले तेव्हा मला धाप लागली होती आणि नर्सबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. हसून हसून.

"हा छान आहे," त्या म्हणाल्या. "लंगडताय तुम्ही."

ऑपरेशन टळलं. फाइफही टळलं. वजनाचा कागद त्यांनी मला घरी न्यायला दिला. त्यावरही एक रेषा होती आणि आमचा ठिपका बरोबर तिच्यावर. मी तो कागद कार पार्कात उभी राहून दोनदा वाचला. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना लाडू नेऊन दिले, माणसांचे. त्यांनी माझ्यासमोर दोन खाल्ले, आणि त्या तिसरा मागतील म्हणून मी गप्प उभी राहिले. नाही मागितला. मी आग्रह केला नाही. मला वाटतं, तो माझ्या आयुष्यातला पहिला न केलेला आग्रह.

आता तो पाच वर्षांचा आहे, त्रेचाळीस किलोंचा, वरून बघितलं की कंबर दिसते. राखण करतो म्हणजे काय, तर एकदाच भुंकतो. पण ते ऐकून पार्सलवाले पार्सल शेजारी ठेवून जातात. हिरव्या कचऱ्याच्या डब्याला तो अजून घाबरतो आणि बिन ठेवायच्या दिवशी माझ्यामागे लपतो. त्रेचाळीस किलो माझ्यामागे लपत नाहीत, पण मी तसं त्याला सांगत नाही. जिना चढतो, उतरतो, पार्कात धावतो. त्याचा डावा पाय जमिनीवर टेकताना मी आजही बघते, दर वेळी, आणि दर वेळी मनातल्या मनात नर्सबाईंच्या त्या सुतारासारख्या मनगटांचे आभार मानते. जी मला ओरडली नाही त्या माझ्या लेकीचे मानते. आणि ह्याचे, ज्यानं तीन पायांवर बागेत येऊन माझी अक्कल माझ्या हातात दिली.

तो कार पार्कातला दिवस झाला, त्याच आठवड्यात शनिवारी मुलगी आणि नात आल्या होत्या. मुलीनं आधी गुडघे टेकून त्याचे पाय तपासले, कूस चाचपली, स्वतःचा पालथा हात चाचपला, आणि मान हलवली. मग आम्ही जेवायला बसलो. वांग्याची भाजी, वरण, गरम पोळ्या. मी तव्यापाशी उभी. तिची दुसरी पोळी संपली तसा माझा हात सवयीनं डब्यातल्या पोळीकडे गेला, पोळी उचलली, तिच्या ताटावर नेली.

आणि तिथं थांबला. ती ताटाकडे बघत होती, खांदे जरा आवळून, लहानपणी बसायची तशी. टेबलाखाली तो झोपला होता.

मी पोळी परत डब्यात ठेवली.

"पोट भरलं का गं तुझं?" मी विचारलं. आणि मग, जे मी तिला जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. उत्तर येईपर्यंत गप्प बसले.

तिनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. नात आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. मग मुलीच्या तोंडावर हसू आलं, आणि तिनं ताट पुढे केलं.

"अर्धी दे, आई," ती म्हणाली. "फक्त अर्धी. आणि तूप लाव."